चेहरा दिसेपर्यंत

"हा कोण?"

काकांच्या कामाची सुरुवात नेहमी या प्रश्नाने व्हायची. चष्मा कपाळावर चढवायचे, नाक स्क्रीनला टेकेल इतके पुढे वाकायचे आणि टपालाच्या तिकिटाएवढ्या एका चौकटीवर बोट ठेवायचे. स्क्रीनवर बोटाचा ठसा उमटायचा. तो नंतर मी पुसायचे.

"नवरीचा मामा असेल," मी म्हणायचे.

"असेल नको गो. हाय काय नाय, ते सांग."

मग मी नवरीच्या घरी फोन लावायचा आणि टक्कल पडलेला, निळा शर्ट घातलेला, सारखा घड्याळ बघणारा माणूस कोण, ते विचारायचं. पलीकडच्यांना वाटायचं पोलिसांचाच फोन आलाय. खात्री झाली की काका मान हलवायचे आणि पुढच्या चौकटीवर बोट ठेवायचे.

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, साठीशांत, क्वचित एखाद्या आंबा बागायतदाराची जाहिरात. कापाकापी मी करते आणि रंगाचं काम काका करायचे. लग्नात चार कॅमेरे फिरतात आणि चौघांचे रंग चार तऱ्हेचे येतात. एकात नवरी गुलाबी, दुसऱ्यात तीच नवरी हिरवट. ते सगळं एका रंगात आणून माणसं माणसांसारखी दिसतील असं करायचं, हे त्यांचं काम.

तुम्ही हे सॉफ्टवेअर कधी पाहिलं नसेल तर एवढंच सांगते, की त्यात खाली सगळ्या क्लिप ओळीने मांडलेल्या असतात आणि प्रत्येक क्लिपचं एक छोटं चित्र दिसतं. त्याला थंबनेल म्हणतात. हे चित्र म्हणून सॉफ्टवेअर आपलं आपण क्लिपमधली पहिली फ्रेम लावून टाकतं. आता लग्नाच्या शूटिंगमधली पहिली फ्रेम म्हणजे काय असणार! मंडपाचा खांब, कोणाचं तरी कोपर, केटररची पाठ. बाकी सगळं जग त्याच चित्रांवर काम भागवतं. काकांना ते चालायचं नाही. प्रत्येक थंबनेलवर माउस हळूहळू सरकवत ते चेहरा शोधायचे आणि चेहरा दिसेपर्यंत थांबायचे नाहीत. सापडला की तीच फ्रेम तिथे पक्की करायची, मगच पुढे. यात अख्खी सकाळ जायची.

"काका, लोक थांबलेत."

"थांबतील. लग्न झालंय त्यांचं, आता कुठे जातायत?"

एकदा मी शहाणपणा करून काम झालेल्या क्लिप लपवून ठेवल्या आणि नुसत्या उरलेल्या दिसतील अशी सोय केली. सॉफ्टवेअरमध्ये तसं करता येतं आणि काम सोपं होतं. काकांनी आल्या आल्या सगळ्या परत उघड्या केल्या. "लग्नात कोणाला लपवू नये गो. रुसवे होतात," म्हणाले. चेहरा एवढा गंभीर की हसायचं की नाही तेच मला कळेना.

या सवयीमुळे त्यांना निम्मा जिल्हा ओळखीचा झाला होता आणि त्यांना मात्र कोणी ओळखत नव्हतं. एसटी स्टँडवर त्यांनी एका गृहस्थाला थांबवून "गुडघा कसा हाय आता?" असं विचारल्याचं मी स्वतः पाहिलंय. तो बिचारा गोंधळून "बरा आहे" म्हणाला आणि आपण कोण, हे विचारायला लाजला. भाचीच्या वरातीत तो लंगडत होता, एवढंच काकांना ठाऊक होतं.

मुंबईत त्यांची उभी हयात याच कामात गेली. काकी गेल्या आणि तिथल्या खोलीत एकट्याने राहायचं कशाला, म्हणून ते पावसजवळ भावाकडे परत आले. रोज सकाळच्या एसटीने रत्नागिरीला यायचे. येताना डबा, जाताना खालच्या बेकरीतली खारी. मुंबईत कोणाकोणाचे चेहरे त्यांनी रंगवले असतील, पण तो विषय ते कधी काढायचे नाहीत. मी खोदून विचारलं की म्हणायचे, "तिकडे पण नाक एकच, डोळे दोनच."

हळद ही त्यांची खासियत. पिवळा मंडप, पिवळ्या साड्या, त्यात पिवळं झालेलं अंग, यात कॅमेरा हमखास गडबडतो. काकांनी हात फिरवला की नवऱ्या मुलाच्या गालावरची हळदही दिसायची आणि हळदीखालची लाजही दिसायची. "हळद माणसाला लागलेली दिसली पाहिजे, मंडपाला नाय," हे त्यांचं शास्त्र. स्क्रीनच्या कोपऱ्यात रंग कुठे झुकलाय ते दाखवणारा एक आलेख असतो. तो ते बंद करून ठेवायचे. "मी माणसं बघतो. आलेख बघायला काय शेअर बाजारात बसलोय?"

मीही तो आलेख कधी उघडला नाही. काका असताना गरज काय?

मधल्या काळात आमची लग्नं थंड दिसायला लागली. थंड म्हणजे आमच्या धंद्यात निळ्याकडे झुकलेलं चित्र. मला वाटलं काका नव्या चालीने जातायत. हल्ली सिनेमे असेच निळसर असतात. एका नवरीने तर "एकदम पिक्चरसारखं वाटतंय" असा मेसेज पाठवला आणि मी तो काकांना कौतुकाने वाचून दाखवला. आणखी एक गोष्ट होत होती. थंबनेलचा आकार लहानमोठा करता येतो. काकांची थंबनेल दिवसेंदिवस मोठी होत चालली होती. पूर्वी त्यांच्या एका ओळीत अर्धं वऱ्हाड मावायचं, आता करवल्यासुद्धा मावेनात.

मग एक दिवस गावातल्याच एक वरमाई दाणदाण जिने चढून आल्या. "माझ्या मुलाला हळद लावली होती की भस्म?" असं विचारून त्यांनी पेनड्राइव्ह टेबलावर आपटला. मी तो लावून पाहिला. बाई खोटं बोलत नव्हत्या.

काका डबा खात होते. खारी बांधायला बेकरीतून आणलेला पांढरा कागद टेबलावर पडला होता. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "काका, हा कागद कसल्या रंगाचा आहे?"

"पिवळट. तेल लागलंय त्याला."

कागद कोरा होता. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना काय ते कळलं असावं. ते उठले, कागद खिडकीपाशी नेला, उलटसुलट करून पाहिला.

"पांढरा हाय?"

"हो काका."

त्यांनी डबा तसाच बंद केला. त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. असा मोतीबिंदू हळूहळू चढतो आणि जगावर पिवळट काच धरल्यासारखं करतो, असं डॉक्टरांनी मला समजावलं. ज्याला होतो त्याला ते कळतही नाही. काकांना सगळं जास्त पिवळं दिसत होतं, म्हणून ते प्रामाणिकपणे पिवळं कमी करत होते आणि निळं वाढवत होते. त्यांच्या डोळ्यांना जे बरोबर दिसत होतं, ते आम्हा बाकीच्यांना निळसर दिसत होतं.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते काळा चष्मा लावून स्टुडिओत आले आणि कामाला बसायच्या आधी तो काढून भिंतीसमोर उभे राहिले. एकदा हा डोळा झाकून, एकदा तो. "ह्या डोळ्याने तुझी भिंत चुन्याची, ह्या डोळ्याने चहाची," म्हणाले. मी हसले. तेही हसले. मग खुर्चीत बसले, डावा डोळा तळहाताने झाकला आणि म्हणाले, "जुनी कामं काढ."

मी एकामागून एक लग्न उघडत गेले. खाली थंबनेलची ओळ, काकांनीच शोधून शोधून लावलेले चेहरे. नवऱ्या, नवरे, भटजी, पंगतीत बसलेली मुलं. सगळे निळसर, फिके. एक क्लिप पाहिली तर चटकन लक्षात येत नाही. ओळीने पाहिले की अंगावर येतात. काकांनी एक अख्खं लग्न शेवटपर्यंत सरकवलं, मग दुसरं.

"मी ह्या सगळ्यांना मेल्यासारखं करून ठेवलंय गो."

मी म्हटलं, लोकांना आवडलंय काका, मेसेज आलेत. ते तिसरं लग्न सरकवायला लागले. मी धंद्याची माणूस. मी ठरवून टाकलं, की ज्यांचं शूटिंग अजून आपल्याकडे आहे त्यांचं काम गुपचूप नव्याने करायचं, कोणी तक्रार केली तर "सुधारित प्रत" म्हणून द्यायचं आणि डोळ्याची गोष्ट जिन्याखाली जाऊ द्यायची नाही. काकांनी मान हलवली. त्यांची पण अब्रू होतीच की.

पुढच्या आठवड्यात नाटे गावाहून एक बाई आल्या. त्यांच्या मुलाचं लग्न आम्ही केलं होतं. मुलगा बोटीवर होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच, जाळं ओढता ओढता, बोटीवरच गेला. ही बातमी आम्हाला तेव्हाच कळली होती. भेटायला जावं असं दोघांच्याही मनात आलं होतं आणि कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं होतं.

बाई खुर्चीच्या कडेला बसल्या. पाणी दिलं ते हातातच राहिलं. "मला फोन करून एकेक माणूस विचारलान, ते भाऊ कोण?" म्हणाल्या. काका पुढे झाले. लग्नाच्या वेळी काकांनी या बाईंना फोनवर तासभर धरून ठेवलं होतं आणि त्यांनी सगळा गोतावळा न कंटाळता सांगितला होता.

"भाऊ, तुमी सगळ्यांची तोंडं बघता. म्हणून तुमाला इचारायला आले. माझा झील तवा तुमाला बरा दिसला व्हता?"

काकांना प्रश्न समजला नाही. मलाही नाही. मग बाईंनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, हृदय आधीपासून कमजोर असणार. दवाखान्यात काम करणारी नात्यातली एक मुलगी म्हणाली, अशा माणसाचे ओठ निळे पडतात. बाईंनी घरी जाऊन लग्नाचा व्हिडिओ लावला. हळदीला बसलेल्या मुलाचे ओठ निळे होते.

"रोज बघतंय. रोज निळेच हायत. मी त्याच्या बाजूला बसून त्याला हळद लावत व्हते, आणि मला दिसलं नाय. आई असून दिसलं नाय. सुनेला इचारवत नाय. म्हटलं, तुमी तरी बघितलं असाल."

मला वाटलं, काका आता सावरून घेतील. चार गोड शब्द बोलतील, तो बराच होता म्हणतील. स्टुडिओचं नाव, आमचं ठरलेलं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. काकांनी काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वैनी, तो बरा होता. माझा डोळा बरा नव्हता."

त्यांनी सगळं सांगितलं. मोतीबिंदू, पिवळं, निळं, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. ती विश्वास ठेवल्याची मान नव्हती. "समजूत घालता माझी. सगळेच घालतात," म्हणाल्या. काकांनी मुलाची क्लिप उघडली, आपण चढवलेला रंग काढून टाकला आणि कॅमेऱ्याने घेतलेलं मूळचं चित्र दाखवलं. मुलगा पिवळाधमक, हसरा, ओठ लालसर. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आता रंग लावून दाखवताय. तुमी लोक काय पण करता. काळ्याला गोरं करता."

खोटं तर नव्हतंच ते. आमचा धंदाच तो.

काकांनी रंग होता तसा परत चढवला, मुलाची क्लिप बंद केली आणि थंबनेल लहान केली. अगदी लहान. अख्खी हळद एका स्क्रीनवर दिसायला लागली.

"वैनी, हा कोण?"

"ह्यो माझा भाव."

"आणि ही?"

"नणंद."

"ह्यांचे ओठ बघा." बाई पुढे वाकल्या. "हे कोण?"

"मुलाचे वडील."

"त्यांचे बघा. आणि ही कोण?"

बाईंना ओळखायला वेळ लागला. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात हळदीची वाटी. निळसर चेहरा, निळे ओठ.

"मी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही आजारी होता त्या दिवशी?"

इतके महिने बाईंनी तो व्हिडिओ रोज लावला होता आणि त्यात एकाच चेहऱ्याकडे पाहिलं होतं. आपण त्यात आहोत, हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं. काकांनी तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांनी दुसरं लग्न उघडलं, तिसरं उघडलं. रत्नागिरीतलं, लांज्याचं, पावसचं. मी "काका" म्हणून त्यांचा हात धरणार होते, तो धरला नाही. ओळीमागून ओळी निळ्या माणसांच्या. "ही सगळी जिवंत हायत वैनी. बाजारात भेटतात मला. ह्या सगळ्यांना मी असं केलंय. तुमच्या मुलाला पण मीच केलं."

मग सावकाश म्हणाले, "आत काय होतं ते मला ठाऊक नाय. डॉक्टर म्हणतात तर असेल. पण तोंडावर नव्हतं. तुम्हाला दिसण्यासारखं काय नव्हतंच."

बाई रडल्या. मोठ्याने रडल्या, खालून बेकरीवाल्याने वर डोकावून पाहिलं इतक्या मोठ्याने. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काका मान खाली घालून बसले होते. शिव्या खायला तयार होऊन बसलेल्या माणसासारखे दिसत होते. शिव्या आल्या नाहीत. निघताना बाई दारात थांबल्या.

"डोळा बरा हाय आता?"

"एक झालाय. दुसरा राहिलाय."

"मगे करून घ्या. असं ठेवू नका."

त्या गेल्यावर मी काकांसाठी चहा मागवला. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी स्टुडिओच्या नावाचं काहीच पडलं नव्हतं. असा माणूस आपल्याकडे कामाला आहे, याचा अभिमान वाटत होता, आणि तो सांगायची सवय आपल्यात नाही.

नाट्याचं लग्न त्यांनी सगळ्यात आधी घेतलं. डावा डोळा झाकून झाकून हात दुखायला लागला, तेव्हा मी काळ्या कापडाची पट्टी शिवून दिली. आलेखाची खिडकी त्यांनी आपण होऊन उघडली. तिच्याकडे फारसं बघायचे नाहीत, पण उघडी ठेवायचे. एकेका चेहऱ्यावर ते एवढा वेळ घेत होते की मीच म्हटलं, काका, झालं की हे. "झालं नाय. हळदीखाली तो दिसायला पायजे," म्हणाले. पुरं झालं तसा पेनड्राइव्ह कागदात गुंडाळून नाट्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला. दुसऱ्या डोळ्याची तारीखही ठरली.

त्या शनिवारी ते थोडे लवकर निघाले. उकडतंय म्हणाले. सोमवारी सकाळी त्यांच्या भावाचा फोन आला. रविवारी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

मी पावसला जाऊन आले. परत आल्यावर काही दिवस कुठलंच काम उघडलं नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत राहायची. शनिवारी ते उकडतंय म्हणाले तेव्हा घाम आला होता का? चेहरा उतरला होता का? मी पंखा वाढवला होता, हे आठवत होतं. चेहरा आठवत नव्हता. आठवायला लागले की दर वेळी वेगळाच दिसायचा.

अशातच नाट्याच्या बाईंचा फोन आला. मागे टीव्हीवर सनई चालली होती.

"भाऊ हायत?"

माझ्याने चटकन सांगवेना. "काय झालं? सांगा ना," मी म्हटलं.

"त्यांना सांगा, बघितला मी त्याला. आज नुसता बघितला. ओठाकडे नाय बघितलं. खूप हसत व्हता वो तो, मला म्हायतीच नव्हतं." त्या थांबल्या. "दुसरा डोळा झाला त्यांचा?"

मग मी सांगितलं.

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला असावा, कारण सनई थांबली.

"तुमच्याकडेच व्हते ना ते, आदल्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "तोंड कसं व्हतं त्यांचं?"

"बरं होतं," मी म्हटलं. "म्हणजे मला तरी बरं वाटलं. मला नीट आठवत नाही हो."

"मगे बरंच व्हतं," त्या म्हणाल्या. "दिसण्यासारखं काय नव्हतंच, बाय. जिवाला लावून घेऊ नका."